अंगणाला हात लावण्यापूर्वी

उन्हाळ्याची चाहूल लागली आणि रमजान जवळ आला की आपल्याकडे घराघरांत एक वाक्य ऐकू येते, "औंदा अंगणाचं काहीतरी करून टाकू." हे 'काहीतरी' म्हणजे काय, ते कोणी ठरवलेले नसते. मग मिस्त्री येतो, टेप लावतो आणि त्याच्या तोंडून जे निघते तेच ठरते. जुनी शहाबादी उखडा, पेव्हर ब्लॉक बसवा, कंपाउंडची भिंत सात फुटांवर न्या, वरून पत्रा टाका आणि लिंबाची मुळे फरशी उचलतात म्हणून लिंबही काढा. आकडा लाखाच्या पुढे जातो. मिस्त्रीचा यात दोष नाही. त्याला बांधायला बोलावले तर तो बांधकामच सांगणार.

हे आम्ही पाटोद्याविषयी लिहीत आहोत. पाटोदा म्हटले की बाहेरचे लोक विचारतात, "ते आदर्श गाव का?" ते पाटोदा छत्रपती संभाजीनगरजवळचे. तिथे घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्याला दळण मोफत मिळते. आमचे पाटोदा बीड जिल्ह्यातले, बालाघाटच्या डोंगरावरचे, आणि आमचे दळण अजून पैसे मोजूनच होते. आमच्या तालुक्यात मांजरा नदी उगम पावते. पुढे याच नदीवरचे धनेगावचे धरण २०१६ साली कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पाण्याची ही गोष्ट इथे एवढ्यासाठी, की या भागात अंगणाचा विचार पाण्यापासून आणि उन्हापासून सुरू करावा लागतो, टाइल्सच्या दुकानापासून नव्हे.

दुसरी गोष्ट माणसांची. दसऱ्यानंतर तालुक्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात ती पाडव्याच्या आसपास परततात. त्यांत आपलीही घरे आहेत. सहा महिने घरात दादी-दादा आणि शाळेची मुले. त्यांचा दिवस खोलीत जात नाही, अंगणात जातो. आणि आपल्या घरातल्या बाया? पुरुषांना चौक आहे, मशिदीबाहेरचा कट्टा आहे, चहाचे हॉटेल आहे. बाईला मोकळे आभाळ दिसण्याची जागा एकच, तिचे अंगण. तिथे ती धान्य पाखडते, पापड वाळवते, अस्रनंतर शेजारणीशी दोन शब्द बोलते. ते अंगण पत्र्याने झाकून भिंतीने बंद केले तर तिच्या वाट्याला आणखी एक खोली येते, आणि तीही तापलेली.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका घरी हेच होऊ घातले होते. मुलीला बघायला पाहुणे येणार, अंगण ओबडधोबड, फरशीचे तुकडे उडालेले, कोपऱ्यात मोडक्या सायकली आणि विटांचा ढीग. वडिलांनी आठवड्याच्या हप्त्याचे कर्ज काढायचे ठरवले. सव्वा लाखाचा अंदाज होता. मुलगी बारावी झालेली, नर्सिंगला जायचे म्हणते, तिच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले थोडे पैसेही त्यातच घालायचे असे चालले होते. लिंब तोडायला माणूसही सांगून ठेवला. त्या लिंबाखाली दादीची बाज असते. सकाळी नऊपासून मगरिबपर्यंत ती तिथेच. दादी एवढेच म्हणाली, "मेरेकू जाने देओ, बाद में काटो." त्या वाक्यावर घर थबकले.

शेवटी कर्ज काढले नाही. सहा दिवस घरचीच माणसे राबली, एक दिवस मिस्त्री बोलावला, आणि सगळा खर्च नऊ हजारांच्या आत बसला. काय केले ते पुढे येतेच. पाहुणे आले, लिंबाखाली बसले. सोयरीक तिथे जुळली नाही, पण ती अंगणामुळे नव्हे, आणि नर्सिंगचे पैसे शाबूत राहिले. कर्जावरचे व्याज हा आपल्यासाठी केवळ हिशेबाचा मुद्दा नाही, दीनचा आहे. पाहुण्यांना दाखवण्याकरिता व्याजाच्या पैशात हात घालावा इतकी कोणतीही फरशी मोलाची नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सर्वांत आधी अंगण रिकामे करा. यात खर्च काही नाही, फक्त मनाची तयारी लागते. मोडकी सायकल, फुटका कूलर, "कधीतरी लागतील" म्हणून ठेवलेल्या विटा, गंजलेले पत्रे, रिकामी पोती. आपल्या भागात अशा ढिगात विंचू हमखास असतो आणि उंदरांमागे सापही येतो. ढीग उचलताना पायात बूट, हातात काठी, आणि वेळ दिवसाची. मुलांना त्या वेळी लांब ठेवा. भंगारवाल्याकडून जे पैसे येतील त्यात चुन्याची पिशवी निघते. रिकामे झालेले अंगण एक दिवस तसेच राहू द्या आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघा, सावली कुठून कुठे सरकते, वारा कोणत्या बाजूने येतो, वर्दळ कुठून होते. बसायची जागा त्यावरून ठरवायची. बहुतेक घरांत बाज चुकीच्या कोपऱ्यात असते, कारण चांगला कोपरा अडगळीने धरलेला असतो.

आता सावली. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत थंड सावली झाडाची. लिंब तोडायला निघालेल्यांनी लक्षात घ्यावे की लिंबाच्या मुळांनी फरशी उचलली याचा अर्थ फरशी बुंध्याला फार टेकवली होती. बुंध्याभोवती तीन फूट जागा उघडी सोडा, तेवढ्या फरश्या काढून कडेला लावा, मातीवर वाळलेला पाला पसरा. वर सांगितलेल्या घरी हेच केले. झाड ज्यांच्याकडे नाही त्यांनी हिरवी शेडनेट बांधावी. ती ताणून तंग बांधू नका, थोडी सैल ठेवा, नाहीतर पहिल्याच वावटळीत कड्या निघतात. आणि वळवाचा पाऊस सुरू होण्याआधी ती उतरवून घडी करून ठेवा. उतरवली तर तीन-चार उन्हाळे टिकते, तशीच राहिली तर एकच.

पत्र्याचे शेड आधीच असेल तर ते मोडायला नको. उघडा पत्रा दुपारी खाली आग ओततो, हे सर्वांना माहीत आहे. त्यावर तुराट्यांचा किंवा पाचटाचा थर टाकून दगड ठेवा, किंवा दोर आवळून बांधा. ऊसतोडीच्या फडावर कोपी उभी करणाऱ्या हातांना हे शिकवायची गरज नाही. फक्त चूल त्या शेडखाली नको, ठिणगीला पाचट पुरे. चुलीजवळच्या पत्र्याला आणि स्लॅबला वरून चुना द्यावा. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि खालची खोली काही अंशांनी थंड राहते. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी सरकारी धोरणच केले, 'कूल रूफ' म्हणून. आपले आजोबा माळवदावर पांढरी माती टाकत. त्या मातीचा जाड थरही ऊन आत येऊ देत नसे.

चुन्याविषयी दोन शब्द. कळीचा चुना रात्री लोखंडी टिपाडात भिजवावा. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचे नाही. तो खदखदतो, वाफ येते आणि डोळ्यांत शिंतोडा गेला तर दृष्टीवर बेतते. त्यामुळे मुले जवळ नकोत. सकाळी गाळून त्यात थोडा फेविकॉल घालतात, म्हणजे हाताला लागत नाही. पातळ दोन हात द्यावेत, एक जाड हात पापुद्रे धरतो. अंगणाच्या भिंतींना याच चुन्यात चिमूटभर नीळ टाकली की जुन्या मोहल्ल्यांत दिसायचा तो फिका निळा रंग येतो. प्लास्टिक पेंटपेक्षा तो डोळ्यांना थंड वाटतो आणि खर्च विचाराल तर रंगाच्या डब्याच्या तुलनेत काहीच नाही.

फरशीचे बघू. शहाबादी ही आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातली, शहाबादच्या खाणींची, आणि मराठवाड्यातल्या घरांत पिढ्यानपिढ्या टिकलेली. दोन-चार फुटल्या म्हणून सगळी उखडणे हा निव्वळ इसराफ. फुटलेल्या काढा, चांगल्या फरश्या बाजेखाली आणि उंबऱ्यापाशी, जिथे पाय जास्त पडतात तिथे आणा, आणि रिकाम्या झालेल्या जागी मुरूम दाबून बसवा किंवा माती ठेवा. मिस्त्रीचा एक दिवस यालाच लागतो. त्याच दिवशी उतार तपासून घ्या. दहा फुटांत एक-सव्वा इंच उतार पुरे, पण तो घराकडून बाहेर हवा. सगळे अंगण कोबा करून मोकळे होण्याचा मोह टाळा. कोबा दुपारी तापतो, रात्रीही उशिरापर्यंत गरम राहतो आणि पावसाचा एक थेंब आत मुरू देत नाही. ज्या तालुक्यात बोअर उन्हाळ्यात आटतात तिथे स्वतःच्याच अंगणाचे तोंड सिमेंटने बंद करणे हे शहाणपण नव्हे.

पाण्याकडे आम्ही थोडे जास्त थांबणार आहोत. नळ किती दिवसांनी येतो हे वाचकांना सांगायला नको. अंगणात पाणी तीन ठिकाणी वाया जाते: वुजूला, भांडी-धुण्याला, आणि पावसात छतावरून.

वुजूचे पाणी आपण गटारात सोडतो. त्यात साबण नसतो, तेल नसते. हनफी उलमांच्या मते असे वापरलेले पाणी पाकच असते, त्याने पुन्हा वुजू होत नाही इतकेच. मग ते झाडाला का जाऊ नये? पैगंबर (स.) सुमारे एक मुद्द पाण्यात, म्हणजे लिटरभराहून कमी पाण्यात वुजू करत असत, हे हदीसच्या ग्रंथांत आले आहे. वाहत्या नदीकाठीही पाणी जपून वापरावे ही शिकवणही आपण लहानपणापासून ऐकतो. एकदा नळाखाली टब ठेवून आपल्या एका वुजूचे पाणी मोजून बघा. पुन्हा नळ सोडून वुजू करवणार नाही. अंगणात एका कोपऱ्यात फूटभर उंचीचा दगड किंवा सिमेंटचा ओटा, बाजूला तोटीचा लोटा, पुढे वीतभर खोल पन्हाळ आणि तिच्या टोकाला लिंबू, कढीपत्ता किंवा मोगरा. एवढी सोय दोन तासांत होते. रमजानमध्ये पाच वेळा घरातली सगळी माणसे तिथे बसतात तेव्हा त्या झाडांना वेगळे पाणी घालावे लागत नाही. बसण्याचा दगड खरबरीत असावा. गुळगुळीत कडप्पा ओला झाला की म्हातारी माणसे घसरतात आणि खुब्याचे हाड मोडते, मग नऊ हजार कुठे आणि दवाखाना कुठे.

धुण्या-भांड्यांच्या पाण्याला शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेतले, उघडी गटारे बंद केली आणि डासांचा त्रास संपवला. त्याचे नाव पुढे सगळ्या मराठवाड्यात झाले. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे आणि वर झाकण. पाणी टाकीत पडते, गाळ तळाला बसतो आणि पाणी भोकांतून दगडांत जिरते. भांड्यांचे तेल-खरकटे आत गेले तर खड्डा लवकर तुंबतो, म्हणून तोंडाला जाळी हवी आणि वर्षातून एकदा गाळ काढायला हवा. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर तिथे खड्डा घेऊ नका. खड्डा शक्य नसेल तर निदान त्या पाण्यावर कर्दळ आणि अळू लावा, त्यांना ते चालते. मोसंबी-लिंबाला धुण्याचा सोडा सोसत नाही.

पावसाचे पाणी सगळ्यांत सोपे. शंभर चौरस फूट पत्र्यावर एक सेंटीमीटर पाऊस पडला तर सुमारे नव्वद लिटर पाणी येते. पन्हाळीत थोडे सांडले तरी एक छोटे टिपाड भरायला दोन पाऊस पुरेत. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्या, पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात असते. टिपाडाच्या तोंडाला जुनी ओढणी घट्ट बांधा. उघड्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठवड्याभरात नवे डास उडतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस टिपाड, रांजण, कुंडीखालची ताटली, कोंबड्यांचे भांडे, सगळे रिकामे करून घासून कोरडे करा. जुम्याचा दिवस धरला तर विसरायला होत नाही.

भिंतीचा प्रश्न बाया आम्हाला नेहमी विचारतात. रस्ता अंगणाला लागून, जाणारे-येणारे आत बघतात, मग भिंत उंच केल्याशिवाय पर्दा कसा राहणार? भिंत सरसकट उंच केली की वारा थांबतो, अंगण भट्टी होते आणि शेजाऱ्याचीही हवा अडते. शेजाऱ्याच्या हक्काविषयी दीनमध्ये किती ताकीद आहे हे आम्ही नव्याने सांगायला नको. नजर अडवायची असते ती बसलेल्या आणि उभ्या माणसाच्या उंचीवर. तेवढ्याच पट्ट्यात तुराट्यांचा तट्ट्या किंवा शेडनेट लावा, आणि तीही दरवाजासमोर आणि बाजेच्या बाजूला. बाकीची भिंत आहे तशी राहू द्या. जागा असेल तर मेंदीचे कुंपण लावा. पावसाळ्याच्या तोंडाला काड्या लावल्या तर दोन-तीन वर्षांत ती कमरेच्या वर जाते, पाणी कमी मागते, छाटली की दाट होते आणि ईदच्या आदल्या रात्री मुलींना बाजारातले कोन आणावे लागत नाहीत. त्या कोनांत काय काय मिसळलेले असते देव जाणे. ताज्या पाल्याने हाताची आग तरी होत नाही.

झाडांची गोष्ट निघाली की लोक म्हणतात, "आमच्याकडे शेळ्या आहेत, काही टिकत नाही." खरे आहे. शेळी मोगरा ठेवत नाही, कढीपत्ता तर मुळीच नाही. पण सीताफळाला शेळी सहसा तोंड लावत नाही, म्हणून तर बालाघाटच्या उघड्या डोंगरांवर ते तग धरून आहे. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. घरचे एक सीताफळ अंगणाच्या कडेला असावे. अडुळसा आणि कोरफडही शेळ्यांपासून वाचतात आणि खोकल्याला, भाजल्याला घरात लागतातच. पुदिना, कोथिंबीर, सब्जा ही नाजूक मंडळी जुन्या तेलाच्या डब्यांत लावून शेळीच्या मानेच्या वर, भिंतीला टांगा. डब्याच्या बुडाला भोक पाडायला विसरू नका. इफ्तारच्या सरबतात स्वतःच्या डब्यातला पुदिना पडला की मुले दुसऱ्या दिवशी न सांगता त्याला पाणी घालतात. बी लावण्याविषयी एक हदीस सर्वांना ठाऊक आहे: कयामत समोर दिसत असली आणि हातात रोप असले तरी ते लावून टाकावे. आपण तर फक्त भाड्याचे घर आहे म्हणून रोप लावायचे टाळतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी डबे वापरावेत, घर बदलताना ते सोबत नेता येतात.

बसण्याची सोय. बाज सैल झाली असेल तर पायथ्याचा दोर ओढून घट्ट करा. सुतळी कुजली असेल तर नवी नवार आणून घरीच विणता येते, आपल्या मोहल्ल्यात एखाद्या म्हाताऱ्याला ते नक्की येत असते, आणि त्याला बोलावले की तोही खूश होतो. प्लास्टिकच्या खुर्च्या उन्हात ठिसूळ होतात, त्या घ्यायच्याच असतील तर सावलीसाठी घ्या. घरातून अंगणात उतरायची पायरी एक फुटाची असेल तर मध्ये एक दगड बसवून तिच्या दोन पायऱ्या करा आणि भिंतीला हाताने धरायला पाइपचा तुकडा ठोका. हा दोनशे-तीनशे रुपयांचा पाइप आम्हाला सगळ्या टाइल्सपेक्षा महत्त्वाचा वाटतो. दादीला रात्री तहज्जुदला उठून एकटीने बाहेर येता येते की कोणाला तरी उठवावे लागते, हे त्या पाइपवर ठरते.

दिव्याचे फार नको. एक एलईडी पुरे, तोही दस्तरखानाच्या डोक्यावर नको, लांब भिंतीला असावा, म्हणजे किडे तिकडे जातात. पायरीवर मात्र उजेड पडला पाहिजे.

ज्यांना हे सगळे एकदम जमणार नाही त्यांनी रमजानच्या आधी तीनच कामे करावीत: ढीग उचलणे, वुजूचा कोपरा, आणि पायरीचा पाइप. चुना ईदच्या आठवडाभर आधी द्या, त्याचा वास जायला तेवढे दिवस लागतात. शोषखड्डा ईदनंतर घ्या, उपाशीपोटी चार फूट खोदणे बरे नव्हे. मेंदीच्या काड्या, सीताफळाचे रोप आणि पन्हाळ मृगाच्या पावसाआधी. मेंदीच्या काड्या पेन्सिलीएवढ्या जाड घ्याव्यात, वीतभर लांब, खालची पाने काढून अर्धी काडी मातीत. ज्यांच्याकडे मेंदीचे जुने कुंपण आहे त्यांनी छाटणी केल्यावर काड्या जाळू नयेत, शेजारी वाटाव्यात.